माचाखाली जाळी लावा, भिंत नको

धान्याची खोली किंवा शेतातले घर बांधायला काढले की आपले सगळे लक्ष वर असते. टिना किती लागतील, बल्ल्या कुठून आणायच्या, दरवाजा कोणत्या तोंडाला ठेवायचा, यावर चार दिवस चर्चा चालते. ओल लागू नये म्हणून फळ्यांचा माच जमिनीपासून हात-दीड हात उचलायचा, हेही आपल्याला ठाऊक आहे. वाडवडिलांनी तेच केले आणि आमचे खातेही तेच सांगते. परंतु माच उचलल्यावर त्याच्या खाली जी दीड हाताची पोकळी तयार होते तिचे काय करायचे, हे कोणी विचारत नाही. ती आपोआप भरत जाते.

काय भरते ते वाकून पाहा. फुटकी टोपली, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताची रिकामी पोती, पावसाने भिजू नये म्हणून सरकवलेल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या, एखादा मोडका डवरा. त्यातच कोंबडी अंडी घालते, कुत्री व्यालेली असते. वर माचावर तूर, गहू, हरभरा, आणि पुढच्या खरिपासाठी घरचेच राखलेले सोयाबीनचे बियाणे. म्हणजे खाली निवारा आणि वर शिधा. उंदराला आणखी काय पाहिजे?

उंदराचे नुकसान आपण पोत्याच्या भोकावरून मोजतो. खरे नुकसान त्याहून मोठे असते. जेवढे खातो त्यापेक्षा जास्त तो लेंड्या-मुताने नासवतो. बियाण्याच्या पोत्याला तोंड लागले आणि ते सांडले की पेरणीच्या वेळी पायली-दोन पायली कमी भरते, आणि मग ऐन मृगात बी विकत आणायला सावनेरची वाट धरावी लागते. ते बी उगवेलच याची हमी कोणी देत नाही. उंदराच्या मादीचे गाभणपण अवघे तीन आठवड्यांचे असते आणि एका वेताला सहा-आठ पिल्ले सहज होतात. तेव्हा माचाखाली एक जोडी शिरली आणि दोन महिने कोणी वाकून पाहिले नाही, तर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

पण हा लेख मी फक्त उंदरासाठी लिहीत नाही. उंदरामागून साप येतो. नाग आणि घोणस उंदीर खातात, म्हणून ते जिथे उंदीर तिथे येतात. मण्यार दुसरे साप, पाली, उंदराची पिल्ले यांच्या मागावर रात्री फिरते, आणि खाली जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती झोपेतच डसते. तिचा दंश दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, त्यामुळे घरच्यांना पहाटेपर्यंत कळत नाही. २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या २० वर्षांत आपल्या देशात साप चावून सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले आणि सुमारे निम्मे पावसाळ्यातले. वेळेवर प्रतिसर्पविषाची लस मिळाली तर माणूस वाचतो, म्हणून साप चावल्यावर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, हात-पाय हलू न देता १०८ ची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. हे सर्वांना माहीत आहे तरी पुन्हा लिहितो, कारण अजूनही लोक आधी झाडफुंकीकडे जातात.

शेतकरी सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून वारसाला दोन लाख रुपये मिळतात. चांगली गोष्ट आहे. त्यासाठी कागद होतो, पंचनामा होतो, आम्ही लोक सहीला येतो. त्या दिवशी माचाखाली सगळेच वाकून पाहतात. माझे म्हणणे एवढेच, की हे पाहणे आधी व्हावे.

आता मुद्द्यावर येतो. पोकळीचे काय करायचे याची दोन उत्तरे गावात मिळतात. एक, मोकळी सोडा. दुसरे, विटांनी चिणून टाका. दोन्ही उत्तरे मला पटत नाहीत.

चिणण्याचे आधी बघू, कारण पैसेवाले शेतकरी हल्ली तेच करतात. दिसायला ते चांगले दिसते, घराला जोते आल्यासारखे वाटते. पण माच उचलला होता कशासाठी? खालून वारा खेळावा म्हणून. चारी बाजूंनी भिंत घातली की काळ्या मातीतली ओल पोकळीत कोंडते आणि फळ्यांना खालून लागते. आपण धान्य दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून भरतो, पण पोत्याखालची फळीच ओली राहिली तर ते वाळवणे वाया जाते. खालच्या थराला बुरशी धरते. सोयाबीनची साल पातळ, ते बियाणे तर ओलीने लवकर मरते आणि उगवण घसरते. दुसरी गोष्ट वाळवीची. मोकळ्या माचाखाली वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबावर चढताना दिसतात, आपण त्या खरडून टाकू शकतो. भिंतीआड ती निवांत चढते. फळी पायाखाली दबली की मगच कळते. आणि विटांच्या भिंतीला घूस अडत नाही, हे काय सांगायला पाहिजे? ती खालून बीळ काढते. मग आत ती आणि बाहेर तुम्ही, मध्ये तुमच्याच पैशाची भिंत.

आणखी एक कारण कन्हानकाठच्या गावांसाठी आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस कन्हान-पेंचला पूर आला तो खापा-पारशिवनी भागातले लोक विसरलेले नाहीत. पाणी माचाखालून निघून गेले तर बहुधा फळ्या टिकतात. भिंतीत अडले तर ते चढते, नाही तर भिंत ढकलते, आणि ओसरल्यावर आत गाळ आणि ओल महिनोन् महिने राहते. पुरात साप-विंचू उंच कोरड्या जागेकडे सरकतात हेही लक्षात घ्या.

मोकळी सोडणे एकाच बाबतीत बरोबर आहे. तुमचा माच कमरेच्या वर उंच असेल, खाली एक काडी ठेवलेली नसेल, आणि प्रत्येक खांबाला पत्र्याची उलटी टोपी बसवलेली असेल, तर जाळीची गरज नाही. उंदराला तेवढी उडी जमत नाही आणि टोपीवरून चढता येत नाही. धान्याची कोठारे अशी असावीत हे उत्तमच. पण आपल्याकडचे माच गुडघ्याएवढे असतात, आणि खालची जागा रिकामी ठेवण्याचा संयम आपल्यात नाही. मी दहा घरे सांगितली तर नऊ घरी महिन्याभरात पुन्हा पोते सरकवलेले असते. म्हणून जाळी. वारा जातो, पाणी जाते, नजर जाते, आणि उंदीर-साप-कुत्रा जात नाही. जाळीतून आतला कचरा दिसतो, म्हणून तो टाकायलाही माणूस जरा लाजतो. हा फायदा मी कमी समजत नाही.

आता जाळी म्हणजे कोणती, इथे बरेच जण चुकतात. नुसती बांबूच्या कामट्यांची तिरपी जाळी, जशी आपण कुडाला किंवा मांडवाला करतो, ती दिसते सुंदर, पण तिचे भोक दीड-दोन इंचाचे. उंदराला ती शिडीच झाली. उंदराचे पिल्लू अर्ध्या इंचातून निघते आणि घरातली चिचुंदी उंदरी पाव इंचाच्या जरा वरच्या फटीतूनही अंग चोरून जाते. तेव्हा बाहेरून कामट्यांची जाळी आणि आतून पाव इंची तारेची वेल्डमेश, अशी जोडी करावी. कामट्यांनी लाथ, ढोराचे शिंग, पोरांचा चेंडू झेलायचा. तारेने उंदीर आणि साप अडवायचा. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका, तिचे भोक मोठे आणि तार पातळ असते. हिरवी शेडनेटही नको, उंदीर ती एका रात्रीत कुरतडतो. नायलॉनच्या जाळ्यात तर साप अडकून पडतो आणि सोडवायला जाणाऱ्याला धोका होतो.

कामट्यांसाठी बांबू विकत आणायलाच पाहिजे असे नाही. खापा, सावनेर, काटोल, नरखेड या पट्ट्यात ज्यांच्याकडे संत्र्याची बाग आहे त्यांच्या बांधावर फांद्यांना दिलेल्या टेक्यांचे जुने बांबू पडलेले असतातच. त्यातले वाजवून पाहून टणक तेवढे घ्यावे. ज्यातून पिवळी भुकटी गळते तो घेऊ नये, त्यात भुंगेरा आहे. नवा घ्यायचा तर तीन वर्षांवरचा मानवेल बरा, आत भरीव असतो आणि कामटी चिवट निघते. कोवळ्या बांबूत साखर-पिठूळ जास्त, म्हणून त्यालाच कीड आधी लागते. जुने लोक बांबू महिनाभर डोहात बुडवून ठेवत, त्यामागचे शास्त्र हेच. आता घाई असेल तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अॅसिड विरघळवून त्यात फाडलेल्या कामट्या चार-पाच दिवस बुडवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. हे पाणी ढोरांच्या तोंडी लागू देऊ नका आणि विहिरीजवळ ओतू नका. हा मसाला पावसाने धुऊन जातो, म्हणून जाळीवर छपराची वळचण आलेली असावी. जळके ऑइल फासायची पद्धत आहे, पण धान्याच्या जवळ ती नको.

बांबूला परवाना लागतो का, असे अजूनही विचारतात. स्वतःच्या शेतात लावलेल्या बांबूला आता लागत नाही. २०१७ साली केंद्राने वन कायद्यात दुरुस्ती करून वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला. पाटील-तलाठ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, उगाच कोणाची बंडी अडवू नये.

चौकटी आडजात लाकडाच्या कराव्यात, रुंदी चार फुटांच्या वर नको. कारण ही जाळी वर्षातून दोनदा तरी काढायची आहे आणि ती काढणार घरची बाई. तिला एकटीला उचलता आली पाहिजे. खिळे ठोकून कायमची बसवली की तुम्ही ती कधीच काढणार नाही, मग तीही भिंतच झाली. वरून दोन आकडे आणि खालून दोन फिरत्या लाकडी खिट्ट्या पुरेत. माचाच्या दर्शनी बाजूची एक चौकट बिजागरीवर ठेवा, म्हणजे रोजची ये-जा तिथूनच.

चौकटीचे लाकूड मातीला टेकू देऊ नका, दोन इंच वर ठेवा, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात वाळवी चढेल. मग खालच्या फटीचे काय? ती वेगळ्या तारेने झाकायची. माचाच्या कडेने अर्धा फूट खोल चर खणा. त्यात वेल्डमेशची पट्टी उभी सोडा आणि तिचे खालचे टोक बाहेरच्या बाजूला फूटभर वाकवून आडवे पसरा. घूस भिंतीला किंवा जाळीला लागूनच उकरते. खाली गेली की तिला ही आडवी तार लागते आणि ती सोडून देते. मागे सरकून फूटभर लांबून सुरुवात करायचे तिला सहसा सुचत नाही. पट्टीचे वरचे टोक खांबांना बाइंडिंग तारेने पक्के करा आणि चौकटीवरची जाळी तिच्यावर तीन इंच चढू द्या. ही चढण महत्त्वाची आहे, बहुतेक ठिकाणी साप शिरतो तो याच सांध्यातून.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हे विसरून चालणार नाही. चर पुन्हा काळ्या मातीनेच भरला तर एप्रिलमध्ये जाळीलगत बोटभर भेग पडते आणि सगळे मुसळ केरात. म्हणून चरात आणि बाहेर फूटभर पट्ट्यात मुरूम दाबावा. माचाखालीही मुरूम टाकून बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा.

शेवटची चौकट लावण्याआधी एक काम करा. संध्याकाळी तोंडाशी चाळलेली राख पसरा आणि सकाळी पाहा. आतून बाहेर येणाऱ्या पावलांची किंवा सरपटण्याची खूण दिसली, तर अजून आत कोणी तरी आहे. दोन रात्री राख स्वच्छ राहिली की मगच बंद करा. साप दिसला तर काठी घेऊन आत घुसू नका, सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवा. आणि बंद करण्याआधी आत विषाच्या गोळ्या टाकून ठेवू नका. मेलेला उंदीर आत कुजतो, आणि आधीच बाहेर पडलेला उंदीर कोंबडी-कुत्र्याने खाल्ला तर तेही जाते.

शेळ्यांचा माच वेगळा. तिथे पट्ट्यांच्या फटीतून लेंड्या-मूत खाली पडते, त्याची वाफ बाहेर निघालीच पाहिजे, नाही तर शेळ्यांचे डोळे पाणावतात आणि खोकला सुरू होतो. पाव इंची जाळी लेंड्या आणि धुळीने बुजते. तिथे इंची जाळी पुरे, कुत्रे आणि कोल्हे अडले की काम झाले. मात्र ती पंधरवड्याला उघडून लेंडीखत ओढून घ्यावे. हेच खत बागेला जाते, तेव्हा त्याचा आळस शेतकरी सहसा करत नाही.

एका गावात हे सगळे समजावून सांगत होतो तर एक म्हातारे बाबाजी म्हणाले, "साहेब, आमचा बाप अशाच माचावर निजे जी. त्याले काही नाही चावलं. एवढ्या तारेचे पैसे कोण देते?" त्यांचे खोटे नाही. तारेला पैसे लागतात, आणि जाळी लावली म्हणून साप येणारच नाही असे लिहून देता येत नाही. ज्यांना तार परवडत नाही त्यांनी निदान माचाखालची जागा रिकामी करावी, पऱ्हाट्या-तुराट्या घरापासून दूर रचाव्यात, आणि पावसाळाभर खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. यात एक पैसा नवा नाही, आणि मण्यारीपासून वाचवायला मच्छरदाणीइतकी स्वस्त वस्तू मला दुसरी माहीत नाही. पण मग वडिलांच्या वेळी माचाखाली ठिबकच्या नळ्या, प्लॅस्टिकची पोती असला कचरा नव्हता, हेही बाबाजींनी आठवावे.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना थोडे बोलतो. अंगणवाडीचा, शाळेचा, समाजमंदिराचा रॅम्प किंवा उचललेला व्हरांडा असेल तर त्याच्या खालची पोकळी एकदा बॅटरी लावून बघा. मुलाचा चेंडू आत जातो, मुलगा हात घालतो. स्वस्त धान्याच्या दुकानाची खोली, सोसायटीचे गोदाम यांचेही तेच. बांधकामाच्या अंदाजपत्रकात फरशी असते, रंग असतो, नाव कोरलेला दगड तर असतोच. खालच्या जाळीची ओळ नसते. सरपंच आणि ग्रामसेवकांनी अभियंत्याला ती ओळ घालायला सांगावे. फार मोठी रक्कम होत नाही, आणि गावातल्याच बुरडाला चार दिवसांचे काम मिळते. प्लॅस्टिकच्या टोपल्या आल्यापासून त्यांच्याकडे कामटी फाडणारा हात रिकामाच बसलेला आहे. बाहेरून तयार पत्रे आणण्यापेक्षा हे बरे.

काम उन्हाळ्यातच करावे, मे उजाडायच्या आत. चर खणायला जमीन कडक लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी त्या रेघेवर चार घागरी पाणी सोडावे, सकाळी कुदळ सरळ जाते. बुरडाला मात्र निरोप होळीच्या सुमारासच द्या. पुढे लग्नसराई लागली की त्याच्याकडे सुपा-परड्यांची घाई असते आणि तुमच्या कामट्या तशाच राहतील.